तुसाची साक्ष

मराठीत धान्याच्या सालपटाला किंमत नाही. दाणा तो खरा, बाकी सगळं फोल. ‘प्रयत्न फोल ठरले’, ‘बोलणं फोल गेलं’ असं आपण सहज म्हणतो. सुपात पाखडताना वाऱ्यावर उडून जातं ते फोल, हा अर्थ मी फळ्यावर किती वर्षं लिहून दिला असेल, देव जाणे. पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली, तेव्हा उत्खननांची वर्णनं वाचायचा नाद लागला. त्यात हे फोल पुन्हा पुन्हा भेटत राहिलं, आणि तेही मानाच्या जागी! म्हणून आज त्या बिचाऱ्याची बाजू मांडावी म्हणते.

गोष्ट साधी आहे. माती एकटी टिकत नाही. तिच्यात काहीतरी कालवावं लागतं. कधी भाताचं तूस, कधी गव्हाचा भुसा, कधी पिंजर, ताग, काथ्या, कापूस, तर कधी गाढवा-घोड्याची लीद. (लीद म्हणजे काय, तर जनावराच्या पोटातून बारीक होऊन आलेलं गवतच की!) माणूस हे हजारो वर्षं करत आला आहे.

का कालवायचं? चिकणमातीचा गुण तोच तिचा अवगुण. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. आपल्याकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, ते आठवा. भिंतीला, मडक्याला असंच झालं तर संपलंच. मातीत धागे असले की आतला ओलावा सगळीकडून सावकाश बाहेर पडतो आणि जिथे भेग पडू पाहते तिथे धागा तिला आडवा येतो. एक मोठी भेग पडण्याऐवजी केसासारख्या शंभर बारीक भेगा पडतात, आणि त्यांनी काही बिघडत नाही.

हे झालं कच्च्या मातीचं. भाजायच्या मातीत आणखी एक गंमत आहे. आवा पेटला की साधारण तीनशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान मातीतलं तूस जळून जातं. त्याच्या जागी उरते तेवढीच, त्याच आकाराची पोकळी. त्या बारीक पोकळ्यांतून आतली वाफ निघून जाते, म्हणून भांडं आव्यात तडकत नाही. पुढे तेच भांडं चुलीवर चढतं, तेव्हा ताप सोसायला याच पोकळ्या उपयोगी पडतात. म्हणजे तूस स्वतः जळून जातं आणि जाताना मडक्याला जगायला जागा करून देतं. याला फोल म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

आठवीच्या वर्गात एकदा मी गोरोबाकाकांची गोष्ट सांगत होते. तेरचे संत गोरा कुंभार विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवत होते, आणि रांगत आलेलं त्यांचं तान्हं मूल त्या चिखलात पायाखाली आलं, तरी त्यांना भान नव्हतं. गोष्ट संपली की वर्गात नेहमी शांतता पसरते. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “बाई, पण ते चिखल तुडवत का होते?” उत्तर मी द्यायच्या आत एक मुलगी उभी राहिली. कुंभारवाड्यातली होती ती. म्हणाली, “माती चाळून भिजत घालायची, मग त्यात राख नि लीद घालायची. ती सगळीकडं सारखी मिसळाय पायजे. हातानं हुईत न्हाई, पायानंच कराय लागतंय. एक खडा ऱ्हायला तरी मडकं फुटतंय.” मग तिने वर्गात उभ्या उभ्या पाय कसा फिरवायचा तेही दाखवलं. टाच दाबायची, पाऊल वळवायचं, मधून कडेला यायचं. मुलं आधी हसली, नंतर बघत राहिली.

त्या तासाला मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चारशे पानी ग्रंथात मिळणार नाही अशी माहिती त्या पोरीच्या टाचेत होती. भक्तीची कथा म्हणून आपण गोरोबांची तल्लीनता पाहतो, पण चिखल तुडवणं हे तासन्‌तास चालणारं, अंगमेहनतीचं आणि पायाच्या तळव्याने पारख करायचं काम होतं, हे लक्षात आल्यावर त्या कथेला वेगळीच धार येते. ते मूल कुठल्या चिखलात हरवलं, ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

याच गोरोबांच्या तेरबद्दल थोडं सविस्तर सांगते. तेर हे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेरणा नदीकाठचं गाव. जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे. ते तगर म्हणजेच तेर, असं फ्लीट या विद्वानाने १९०१ मध्ये मांडलं. तेरला विटांची फार जुनी मंदिरं आहेत, त्रिविक्रमाचं आणि उत्तरेश्वराचं. आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात एक नवल आहे, पाण्यावर तरंगणारी वीट!

वीट पाण्यावर तरंगते म्हटल्यावर चमत्कार वाटतो. मग लोक त्याच्या कथा करतात. पण जरा हिशेब मांडून पाहा. भाजलेली माती, म्हणजे तिचा नुसता घट्ट भाग, पाण्याच्या अडीचपट तरी जड असतो. तेव्हा वीट तरंगायची तर तिच्या आकारमानाच्या शंभरातले साठांहून जास्त भाग रिकामे हवेत. म्हणजे ती वीट अर्ध्याहून अधिक हवाच आहे. ही हवा आत कशी शिरली? मातीत तूस, भुसा असं काहीतरी भरपूर कालवून वीट पाडली, भाजताना ते जळून गेलं आणि जाळी उरली. तेलंगणातल्या पालमपेटच्या रामप्पा मंदिराचं शिखरही अशाच हलक्या विटांचं आहे. ते मंदिर १२१३ सालचं, काकतीयांच्या काळातलं. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. शिखराचं ओझं खालच्या भिंतींवर कमी यावं, हा त्यामागचा व्यवहार. एवढी पोकळ वीट ओझं सोसेल आणि भट्टीत भुगाही होणार नाही, इतकं प्रमाण साधायला कुणाच्या तरी हाताने किती विटा वाया घालवल्या असतील! त्या कारागिराचं नाव कुठल्या शिलालेखात नाही. वीट आहे.

गोरोबांची दुसरी गोष्टही तुम्हाला ठाऊक असेल. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांना ‘कच्चं मडकं’ ठरवलं. कुंभाराची परीक्षा खरोखर अशीच असते. नीट भाजलेलं मडकं खणखणतं, कच्चं किंवा चिरलेलं बद्द वाजतं. कालवलेलं प्रमाणाबाहेर झालं तरी आवाज बदलतो. आपल्या संतवाङ्‌मयात एवढी चोख कारागिरी शिरली, ती अशा घरांतून आलेल्या माणसांमुळेच.

आता साक्षीकडे वळते. तूस जळतं तेव्हा मातीत त्याचा ठसा राहतो, अगदी बोटाच्या ठशासारखा. शिवाय भाताच्या तुसात वाळूतलंच एक द्रव्य, सिलिका, मोठ्या प्रमाणात असतं. तूस जाळलं तर वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी राख उरते आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच असते. ती हजारो वर्षं कुजत नाही. म्हणून फुटक्या खापरावरून अभ्यासक सांगू शकतात की इथे भात होता. चीनमध्ये यांगत्झे नदीच्या खालच्या खोऱ्यात शांगशान नावाचं ठिकाण आहे. तिथल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या मातीत भाताचं तूस सापडलं. भातशेतीच्या आरंभाचा शोध घेणाऱ्यांना हा मोठाच पुरावा वाटतो. आपल्याकडे उत्तर प्रदेशात कोल्डिहवाच्या खापरांत भाताच्या तुसाचे ठसे मिळाले. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, पण ठसे आहेत. भात खाणारी माणसं गेली, भात संपला, कोठ्या गेल्या. उरलं ते कुंभाराने मातीत टाकलेलं फोल! इतिहासाने दाण्यापेक्षा तुसावर जास्त विश्वास ठेवलेला दिसतो.

ही युक्ती कुण्या एका देशाची नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची मडकी मिळाली, त्यांत झाडांवर लोंबणाऱ्या एका वनस्पतीचे धागे आहेत. बायबलच्या निर्गम या पुस्तकात मिसरचा राजा विटा पाडणाऱ्या गुलामांना पेंढा देणं बंद करतो आणि विटा मात्र तेवढ्याच मागतो. पेंढा तुम्हीच गोळा करा म्हणतो. मालकाने मजुराला कसं पिळावं याची ती फार जुनी गोष्ट आहे. त्यात पेंढा नसेल तर वीट नाही, हे सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने गृहीतच धरलं आहे.

आपल्या महाराष्ट्रात कच्च्या मातीतल्या धाग्यांनी जे जपलं आहे, त्याला तोड नाही. अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर नाहीत. लेण्याची भिंत खरबरीत ठेवली, तिच्यावर मातीचा गिलावा चढवला, त्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे धागे मिसळले, वरून चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्र काढलं. पद्मपाणीचे ते मिटू पाहणारे डोळे आपण पाहतो, पण ते डोळे दीड हजार वर्षं धरून ठेवले आहेत ते शेतातल्या काडीकचऱ्याने. आणि तोच काडीकचरा कीटकांना खायलाही आवडतो! चित्रांना लागलेल्या कसरीचं हे एक कारण.

वेरूळला मात्र वेगळा प्रकार आढळला. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सरदेसाई यांनी वेरूळच्या बारा क्रमांकाच्या लेण्यातला गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यांचा लेख २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. गिलाव्यात त्यांना चक्क भांगेच्या झाडाचे धागे सापडले! वर्तमानपत्रांनी मथळे दिले आणि लोकांनी भलतेच विनोद केले. पण मुद्दा नशेचा नव्हताच. भांगेचा धागा चिवट असतो, ओल शोषतो आणि किडीला मानवत नाही. अजिंठ्यात तो नाही आणि वेरूळात आहे, म्हणून वेरूळच्या गिलाव्याला कीड कमी लागली, असं या अभ्यासकांचं म्हणणं. म्हणजे कोणत्या मातीत कोणता धागा घालायचा याचाही कुणी तरी पिढ्यान्‌पिढ्या विचार करत होतं. आधीच्या लेण्यांतली कीड पाहून पुढच्यांनी धागा बदलला का? मला तसं मानायला आवडेल, पण पुरावा नाही, तेव्हा इथेच थांबते.

इतकं सगळं फिरून आता घरी, कोल्हापुरात येऊ या. पंचगंगेकाठची आपली ब्रह्मपुरीची टेकडी. १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदनगारांना तिथे कांस्याच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यात समुद्रदेव पोसायडनची ती प्रसिद्ध रोमन मूर्ती होती. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं पक्क्या विटांच्या घरांचं गाव उजेडात आलं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आपण मुलांना नेतो ते पोसायडन पाहायला. तो परदेशातून आलेला पाहुणा, देखणाही आहे. पण विटा पाडल्या, मडकी घडवली ती इथल्या मातीत, इथल्या हातांनी. सांकलियांसारख्या संशोधकांनी खापरांची वर्गवारी करण्यात आयुष्यं घालवली, ती उगाच नव्हे. राजे बदलले तरी खापर खोटं बोलत नाही.

माझ्या आजोळी, भोगावतीकाठी, घर भेंड्याचं होतं. भेंडे म्हणजे माती आणि काडी तुडवून केलेले कच्च्या मातीचे ठोकळे. गावठाणातली पांढरी माती आणायची, भाताचं पिंजर बारीक करून टाकायचं, पाणी सोडून आठवडाभर मुरत ठेवायचं. वास सुटला की आजी म्हणायची, “आता माती हाताला ईल.” ते कुजणंसुद्धा कामाचं असतं. कुजताना काडीतून चिकट द्रव्य सुटतं आणि माती लोण्यासारखी होते. आजीला शास्त्र ठाऊक नव्हतं, वास ठाऊक होता. तिकडे चंदगड-आजऱ्याकडे कारवीचे कूड बांधून त्यावर शेणमाती लिंपत. एवढं खरं की या भिंतींना पुराचं पाणी सोसत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मातीच्या भिंती बसल्या, आणि ज्यांच्या बसल्या त्यांनी पुन्हा मातीचं घर बांधावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? सिमेंटची वीट रचणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. घर पडल्याचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

गणपतीचं मात्र वेगळं आहे. शाहूपुरी, गंगावेस, पापाची तिकटी, बापट कॅम्प इथल्या कुंभारबांधवांकडे आषाढ-श्रावणात चक्कर मारा. शाडूची मूर्ती म्हणजे कच्ची माती. हात, सोंड, कान हे नाजूक भाग वाळताना तडकू नयेत म्हणून तिच्यात कापूस पिंजून मळणारे जुने हात अजून आहेत. प्लास्टर आलं तशी ती मेहनत कमी झाली. प्लास्टर भरभर घट्ट होतं, वजनाला हलकं पडतं. पण गंमत पाहा, त्या प्लास्टरच्या मोठ्या मूर्तीलासुद्धा आतून काथ्या लावावाच लागतो. नारळाच्या सोडणाचा धागा! नव्या मालालाही जुन्या युक्तीवाचून उभं राहता आलेलं नाही.

प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, हे दुखणं मोठं. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याच्या विरोधात मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली. या वादात नदीही खरी आहे आणि ज्याचं वर्षाचं पोट तीन महिन्यांच्या हंगामावर आहे तो कुंभारही खरा आहे. मला काळजी वाटते ती तिसऱ्याच गोष्टीची. उद्या सगळ्यांनी शाडूच हवा म्हटलं, तर कापूस किती आणि कसा मळायचा, माती किती दिवस मुरवायची, हे सांगणारं कोण असेल? कायदा एका रात्रीत फिरवता येतो. हाताला वळण लागायला पिढी जाते.

वर्गात पाय फिरवून दाखवणारी ती मुलगी मोठी झाल्यावर एकदा भेटली. नर्स झाली आहे, छान चाललं आहे तिचं. घरचं चाक थांबल्याचं तिने सहज सांगितलं, त्यात खंत नव्हती आणि असायचं कारणही नाही. वडिलांच्या गुडघ्यांचे हाल तिने पाहिले होते. शिकलेल्या पोरीने पुन्हा चिखलात उतरावं असं कुठली शिक्षिका म्हणेल? तिला एवढंच म्हटलं, वडील आहेत तोवर प्रमाण तरी लिहून घे. किती घमेली मातीला किती लीद, किती राख, कुठल्या ओढ्याची माती कशाला चालते. ती हसून म्हणाली, “बाई, ते घमेल्यावर न्हाई मोजत. ते पायाला कळतं.”

तिचं खरं आहे. पण पायाला कळलेलं पायाबरोबरच जातं. विलायतेत, अमेरिकेत आता चिनी मातीचं काम करणारे कलावंत मातीत कागदाचा लगदा मिसळतात, त्याला ‘पेपर क्ले’ म्हणतात, त्यावर पुस्तकं आहेत, शिबिरं भरतात. कागदाचा लगदा म्हणजे पुन्हा वनस्पतीचा धागाच. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून ते शास्त्र झालं. आपल्याकडे ते अंगवळणी होतं म्हणून त्याला कुणी ज्ञान म्हटलं नाही, आणि जे ज्ञान म्हणून ओळखलंच नाही ते हरवल्याचंही कळत नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे, विशेषतः आजरा, चंदगड, राधानगरीकडच्या माझ्या नातलगांना. तुमच्याकडे जुन्या भिंतीचा तुकडा पडला असेल तर टाकून देण्याआधी हातात घेऊन मोडून पाहा. आत भाताच्या तुसाचे पिवळसर कण दिसतील. कुठल्या साली, कुठल्या वाणाचा भात पिकला होता, कदाचित आता कुणी पेरतही नसेल असा, तो तिथे बसलेला आहे. आणि घरात सत्तरी-ऐंशीची माणसं असतील तर त्यांना विचारा, माती कुठून आणायचा, काय मिसळायचा, किती दिवस ठेवायचा. त्यांचे शब्द आहेत तसेच, बोलीतच लिहून घ्या. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते मी बघून देईन.